ताटातला वरचा रुपया

ओढ्याच्या अलीकडे छबीचं घर होतं आणि पलीकडे तिच्या केरबामामाचं. मधे एक लाकडी फळी टाकलेली. त्या फळीवरून छबी दिवसभर इकडून तिकडे जायची, तिकडून इकडे यायची.

छबीचे बाबा देवाघरी गेले होते. आई गावातल्या बायकांची पोलकी शिवायची, आणि उरलेल्या चिंध्या जोडून छबीचा परकर शिवायची. लाल चिंधी, मोरपंखी चिंधी, लिंबासारखी पिवळी चिंधी. लांबून छबी चालत आली की एखादी छोटीशी बागच चालत आल्यासारखी वाटायची. पण बागेला भूक लागत नाही, आणि छबीला लागायची. कित्येक दिवस घरात भाकरी असायची तर सोबत नुसतं मीठच असायचं.

मागच्या भाऊबिजेला केरबामामानं आईच्या ओवाळणीच्या ताटात खूप पैसे टाकले. त्या पैशांतून शिवणयंत्र आलं. चकचकीत काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं. ते टकटक चालू लागलं आणि भाकरीसोबत कालवण दिसू लागलं.

मग या पावसाळ्यात वादळ झालं. मामाच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडून गेली. नवी घ्यायला हवीत, म्हणून मामानं छबीजवळ निरोप दिला, "आईला सांग, मी दिलेले उसने पैसे आता परत दे."

आईची सुई मधेच थांबली. "उसने? मामाला सांग, ओवाळणी परत मागायची रीत आपल्या घरात नव्हती."

छबी फळीवरून गेली.

"आईला सांग," मामा म्हणाला, "ओवाळणी असती तर वर रुपया असता."

कारण त्यांच्या वेळूगावात अशीच पद्धत होती. मायेनं द्यायचे पैसे असले की वर एक रुपया ठेवायचा. शंभर दिले तर एकशे एक. उसने दिले तर नुसते शंभर, वर काही नाही.

छबी फळीवरून आली.

"मामाला सांग, रुपया होता. देवापाशी ठेवलाय अजून. येऊन बघ म्हणावं."

"आईला सांग, रुपया काय, नंतरसुद्धा ठेवता येतो."

असे दिवसच्या दिवस गेले. निरोप बोचरे होत गेले आणि ते सगळे छबीच्या तोंडातून जात होते. तिला काही कळेना. आई खोटं बोलत नाही. मामाही खोटं बोलत नाही. मग रुपया होता की नव्हता? तिच्या डोक्याचं अगदी गुंतलेलं रीळ झालं. कुठलंही टोक ओढलं तरी गाठच.

पाडव्याच्या दिवशी संध्याकाळी आई फराळाचा डबा पुसत म्हणाली, "उद्या मी चांदोबाला ओवाळीन."

छबी दचकली. जिला भाऊ नसतो ती बाई भाऊबिजेला चंद्राला ओवाळते, हे तिला माहीत होतं. "पण आई, मामा आहे की. त्याच्या चुलीचा धूर दिसतोय बघ."

डबा पुसून झाला होता, तरी आई पुसतच राहिली.

छबी ओढ्याकाठी गेली. तिथे गुलबक्षीचं रान माजलं होतं. ऊन उतरलं की गुलबक्षी उमलते, तशी ती आता उमलत होती. गुलाबी फुलं, पिवळीधमक फुलं, आणि काही तर अर्धी गुलाबी, अर्धी पिवळी. तेवढ्यात तिला अगदी बारीक आवाज ऐकू आला. कुणीतरी मुसमुसत होतं.

बोरीच्या काट्याला एक परी अडकली होती. अंगठ्याएवढी. तिचा झगा अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा. केसांत दवाचे थेंब चमचम करत होते, पण तिचा एक इवलासा पंख टरकन फाटला होता.

छबीनं तिला हळूच सोडवलं. पोलक्याला कायम खोचलेली सुई काढली, परकराच्या काठाचा गुलाबी दोरा ओढला आणि पंख शिवायला बसली.

"टोचतंय का गं?"

"टोचतंय," परी म्हणाली. "पण तू विचारलंस ना, म्हणून कमी टोचतंय."

बारीक बारीक टाके घालून पंख शिवून झाला. परीनं तो फडफडवून पाहिला, आणि टाक्यांतून सोनेरी उजेड झिरपला. मग तिनं छबीच्या तळहातावर मिऱ्यांसारख्या तीन काळ्या बिया ठेवल्या.

"या तीन इच्छा. पण नियम ऐक. पैसे मागायचे नाहीत. कुणाचं मन बदलायला सांगायचं नाही. आणि एकदा मागितलेलं परत घेता येत नाही."

छबीला विचार करावा लागलाच नाही. "ते पैसे ओवाळणी होते की उसने?"

"ते मला ठरवता येणार नाही. ज्यानं जे पाहिलं, तेवढंच मी दाखवते."

पहिली बी टचकन फुटली आणि त्यातून गुलाबी फूल उमललं. फुलाच्या आत इवलंसं घर, इवलीशी निरांजनं. ती आईची आठवण होती. मामानं ताटात पैसे टाकले. आई त्याच्या तोंडात घालायला लाडू आणायला वळली. मागे कुठेतरी बांगड्या किणकिणल्या. आई परत वळली, तर पैशांवर रुपया लखलखत होता. आईचे डोळे भरून आले.

"होता! रुपया होता!" छबीनं टाळी वाजवली. "आता मामानं पाहिलेलं दाखव."

दुसऱ्या बीचं फूल पिवळं होतं. ती मामाची आठवण. मामानं ताटात पैसे टाकले. वर काही नाही. "सवडीनं बघू, अक्का," असं तो पुटपुटला आणि आईच्या पाया पडायला वाकला. त्याला आईची पावलं तेवढी दिसत होती. कुठेतरी बांगड्या किणकिणल्या. तो उठला तोवर ताट देवापाशी गेलेलं.

छबीची टाळी हवेतच राहिली. "म्हणजे रुपया नव्हता. पण होता. यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही," परी म्हणाली.

"असं कसं असेल?" छबी रडकुंडीला आली. "आता मी हे दोघांना जाऊन सांगू?"

"सांग की. तो आणखी एक निरोप होईल."

छबी बराच वेळ त्या शेवटच्या बीकडे बघत राहिली. पाणी खळखळत होतं आणि फळी रिकामी होती. त्या फळीवरून इतक्या दिवसांत तिच्याशिवाय दुसरं कुणीच गेलं नव्हतं.

"परी," ती म्हणाली, "यापुढे माझ्या तोंडून कुणाचाच निरोप निघू नये."

बी फुटली. त्यातून फूल आलं नाही. नुसता गोड वास आला आणि छबीच्या जिभेवर विरघळून गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आईनं सकाळीच यंत्रावर चादर घातली. "मामाला सांग, यंत्र विकायला काढलंय. पैसे मिळाले की पाठवते. आज त्यानं यायची गरज नाही."

छबी फळी ओलांडून गेली, मामासमोर उभी राहिली आणि तोंड उघडलं. शब्दांऐवजी बाहेर आली गुलबक्षीची फुलं. एक, मग दुसरं, मग ओंजळभर.

"अगं पोरी, काय खाल्लंस?" मामा घाबरला. "आईला सांग जा, हिला वैद्याकडे ने म्हणावं."

छबीनं आईसमोर तोंड उघडलं. पुन्हा फुलं. पिवळी, गुलाबी, ठिपक्याठिपक्यांची. अंगण भरलं. आई हातातलं सगळं टाकून ओढ्याकडे धावली, आणि पलीकडून मामाही धावत आला.

"केरबा, माझ्या पोरीला काय खायला घातलंस?"

"मी? तुझ्याच घरात काही धड शिजत नसेल."

"यंत्र विकायला निघालेय मी तुझ्यापायी, मग शिजेल कुठलं?"

"यंत्र?" मामा फळीवर पाय ठेवताठेवता थांबला. "यंत्र विक असं कोण म्हणालं तुला?"

"पैसे परत दे, म्हणालास ना? माझ्याकडे आणखी काय आहे? ओवाळणी देऊन परत मागतोस, वर रुपया ठेवून."

"रुपया नव्हता, अक्का!"

"होता!"

"होता," तिसरा आवाज आला. मामाच्या पाठीमागे गोजरामामी उभी होती. तिनं पदर सावरला आणि हिरव्या बांगड्या किणकिणल्या. छबीनं ती किणकिण लगेच ओळखली. "वन्सं, रुपया मी ठेवला. ओवाळणीच्या ताटात नुसतेच पैसे, मला ते बरं दिसेना. कनवटीचा काढला आणि ठेवला."

"आणि हे आता सांगतेस?" मामा म्हणाला.

"तुम्ही विचारलंत कुठे? जे काही बोलायचं ते या पोरीपाशी बोलत होतात. भांडण वाढलं, मग माझीही छाती होईना."

मग आई हळूच म्हणाली, "म्हणजे पैसे उसने, आणि रुपया मायेचा. मग सगळं मिळून काय झालं?"

मामानं डोकं खाजवलं. "जाऊ दे, अक्का. यंत्र राहू दे. सवडीनं बघू."

"मामा!" छबी म्हणाली. हा कुणाचा निरोप नव्हता, तिचं स्वतःचं बोलणं होतं. म्हणून शब्द स्पष्ट बाहेर आले. "मागच्या वेळी हेच म्हणाला होतास. सवडीनं बघू म्हणजे काय? परत द्यायचे की नाही? आणि आई, तू तरी का नाही विचारलंस?"

"सख्ख्या भावाला कसं विचारायचं गं, हे परत द्यायचेत का म्हणून?"

"तोंडानं," छबी म्हणाली.

मामी पदरात हसली. मग आईसुद्धा, डोळे पुसता पुसता. मामानं फळीवरून पुढे पाऊल टाकलं आणि इतक्या दिवसांनी तो अलीकडच्या काठावर आला.

"मग ऐका सगळे. अर्धे ओवाळणी. ते तुझे. अर्धे उसने, ते पुढच्या पावसाच्या आत दे. मला कौलं घ्यायचीत."

"देईन," आई म्हणाली. "शिवून देईन. आणि कौलं चढेपर्यंत तुम्ही दोघं इकडे झोपा. याचं काहीच द्यायचं नाही. आत्ताच सांगून ठेवते."

संध्याकाळी आईनं मामाला ओवाळलं. मामानं ताटात एकच रुपया ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "ही ओवाळणी. ऐकलं का सगळ्यांनी?" मग ओढ्यावर बीजेची नाजूक कोर दिसली. आईनं ताट तिच्याकडेही फिरवलं. "रागावू नकोस रे चांदोबा. तुला आधीच आमंत्रण देऊन बसले होते."

छबी गुलबक्षीपाशी पळाली. फुलं नुकतीच उमलत होती. अर्ध्या गुलाबी, अर्ध्या पिवळ्या फुलातून परी वर आली. तिच्या पंखावरचे टाके झगमगत होते. तिनं छबीच्या ओंजळीत गुलाबी दोऱ्याचं एक छोटुकलं रीळ ठेवलं.

"कितीही शिवलंस तरी हे संपायचं नाही," परी म्हणाली आणि कोरीच्या दिशेनं उडाली. तिच्याभोवती उजेड पसरत गेला, आधी गुलाबी, मग पिवळा, मग नुसता चमचमता.

रीळ हातात धरून छबी क्षणभर गोंधळली. मग टाचा उंचावून ओरडली, "अगं परी, हे दिलंस की उसनं?"

उजेडातून खुदकन हसू आलं.

"दिलं, छबी. कायमचं."

आणि ओढ्यावर नुसती चांदीची लकेर राहिली.