मोठ्यानं वाचायचं क्षमापत्र

एकदा एका वृद्ध न्यायाधीशांची दृष्टी मंदावली. घरात तीन शिकलेले मुलगे होते. पण वाचताना मध्येच स्वतःचं मत न घुसवणं फक्त नव्या सुनेला जमे. म्हणून दयेचे अर्ज तीच वाचून दाखवी, आणि तीच त्यांची शिष्या झाली.

राज्यारोहणाच्या दिवशी राजा दरवर्षी एका कैद्याला क्षमा करी. त्या पत्रावर न्यायाधीशांची मुद्रा लागे. यंदा पत्र आलं ते राणीच्या भावाच्या नावाचं. त्यानं दारूच्या नशेत भर बाजारात घोडा उधळला होता आणि एका कुंभाराचा उजवा हात कायमचा गेला होता. क्षमेचं कारण लिहिलं होतं : प्रजेच्या हितासाठी.

न्यायाधीशांनी पत्रावर मुद्रा उठवली.

सुनेला राहवलं नाही. "मामंजी, आणि ती सुईण? अडलेल्या बाईकडे जायला वेशीचं कुलूप फोडलं म्हणून तुरुंगात आहे. तीन वर्षं अर्ज करतेय!"

"क्षमेचा अधिकार राजाचा आहे, सूनबाई. तिचा अर्ज उद्या बरोबर घे." मग त्यांनी राजाला निरोप धाडला, "शिक्षेची दवंडी ज्या चौकात दिली, तिथेच हे पत्र आपण स्वतः वाचावं."

राजाला त्यात वावगं दिसलं नाही. आपला दिलदारपणा लोकांना दिसलेला बरा.

चौकात कुंभार पुढेच बसला होता, निकामी हात मांडीवर ठेवून. राजानं मेहुण्याचं नाव वाचलं. "प्रजेच्या हितासाठी" पाशी आवाज बसला.

"ऐकू येईना, महाराज! जरा मोठ्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं.

राजानं पुन्हा प्रयत्न केला. कुंभाराकडे पाहिलं. मग सावकाश पत्राची घडी घातली आणि न्यायाधीशांना विचारलं, "आचार्य, इथे वाचता येईल असं दुसरं काही आहे?"

सुनेनं अर्ज पुढे केला. सुईणीची सुटका राजानं अशा खणखणीत आवाजात वाचली, की तिला पकडणाऱ्या वेशीवरच्या पहारेकऱ्यानंही ती ऐकली.

परतताना न्यायाधीश म्हणाले, "शिक्षा देताना कायद्याच्या आड उभं राहता येतं. क्षमा स्वतःच्या आवाजात द्यावी लागते. ज्याचं नुकसान झालं, त्याच्यासमोर मोठ्यानं वाचता येते ती क्षमा. बाकी सगळी घरगुती सोय."

सुनेची मान ताठ झाली. अभिमान मामंजींचा होताच. पण थोडा राजाचाही होता. घरी राणी वाट पाहत होती, हे ठाऊक असूनही त्यानं त्या पत्राची घडी घातली होती.