लाथाडलेली परात

"…आणखी किती नम्र व्हायचं, पाळकसाहेब?"

शांतवनने अंगणात पाऊल टाकता टाकताच विचारलं. सलाम करायचाही राहून गेला.

गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे म्हातारे पाळक भास्करराव बंबापुढे बसून लाकडं सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शांतवन त्यांचाच शिष्य. मंडळीचा नवा उपदेशक. आवाज खणखणीत, आणि तो तसा आहे हे त्याला पक्कं ठाऊक.

"बस. काय झालं?"

"राहेलबाई."

"हं."

राहेलबाईचं नाव निघालं की मंडळीत सगळेच असं 'हं' म्हणत. बाई विधवा, एकटी, आणि जिभेला हाड नाही. शांतवनच्या पहिल्याच उपदेशाला ती भर देवळात "पोपट बोलला" म्हणाली होती. तेव्हापासून दर रविवारी काही ना काही म्हणतच होती.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी उपदेशकाने मंडळीतल्या काहींचे पाय धुवायचे, असा तिथला रिवाज. प्रभू येशूने शिष्यांचे धुतले, तसे.

"काल मी सगळ्यांच्या आधी तिलाच पुढे बोलावलं. गुडघे टेकले. तिच्यापुढे! लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हो. आणि तिनं…"

"तिनं?"

"परात लाथाडली. माझा झगा भिजला. वर म्हणते, 'पाय धुतो का तोंड मिरवितो रं?'"

पाळकांच्या मिशीत काहीतरी हाललं. हसू असावं.

"जित्याची खोड आहे ती, मेल्याशिवाय जायची नाही. दुपारच्या उपासनेआधी पंच बसणार आहेत. तिला मंडळीबाहेर काढा, एवढं तुम्ही सांगा. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. आणि ती राहणार असेल, तर मी हा झगा उतरवतो."

त्याचा आवाज चिरकला. चारचौघांतला अपमान त्याला फार लागला होता, आणि तो कुणालाही लागला असता. राहेलबाईला या मंडळीशिवाय जगात कोणी नव्हतं, हे मात्र त्याला माहीत होतं.

पाळकांनी आणखी एक लाकूड बंबात सारलं.

"पाणी कसं होतं?"

"कुठलं पाणी?"

"परातीतलं. गार की कोमट?"

"…ते नाही पाहिलं."

"तिच्या टाचांना भेगा आहेत म्हणतात."

"असतील. मी जरा… लोक फोटो काढत होते, म्हणून तिकडे…"

तो मध्येच थांबला. कान लाल झाले होते.

पाळक गुडघ्यांवर हात टेकत उठले. स्वतःच्या आंघोळीसाठी तापवलेलं पाणी त्यांनी बादलीत काढलं. त्यात थोडं गार मिसळलं, तान्ह्या बाळासाठी पाहतात तसं कोपर बुडवून पाहिलं, अजून थोडं मिसळलं.

मग दोरीवरचा पंचा ओढून शांतवनच्या खांद्यावर टाकला आणि बादली त्याच्यापुढे ठेवली.

शांतवन बादलीकडे पाहत राहिला.

"पाळकसाहेब, ती पुन्हा लाथ मारेल."

"काल कुठल्या पायाने मारली?"

"उजव्या. तो धुऊन झाला होता."

"म्हणजे डावा राहिलाय."