बिनस्क्रूचा पाहुणा

कंप्युटरला अजून स्क्रू असायचे, त्या काळची ही गोष्ट. मृण्मयी एका जुन्या कंप्युटरवर घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायची. दर खंडेनवमीला ती तो उघडायची, धूळ झटकायची, जमलं तर एखादा नवा भाग बसवायची आणि झाकणाला हळदकुंकू लावायची. उघडायचं काम स्क्रूड्रायव्हरचं. एरवी तो भित्रा, पण त्या दिवशी त्याचीही छाती फुगायची.

एकदा त्या कंप्युटरशेजारी एक नवा कंप्युटर, चपटा, गुळगुळीत डबा, येऊन बसला.

"तुमचे स्क्रू कुठे आहेत हो?" स्क्रूड्रायव्हरने भीत भीत विचारलं.

"माझ्यात उघडण्यासारखं काही नाहीच," डबा म्हणाला. "आणि मी घुरघुरतही नाही. या आजोबांचा पंखा तर पोरीपेक्षा मोठ्याने गातो."

म्हातारा कंप्युटर शरमला. मृण्मयी गायला लागली तसा त्याने पंखा थांबवला.

"आजोबा, फिरू द्या तो. आत तापतंय," स्क्रूड्रायव्हर कळवळला.

"गप रे. पोरीचं गाणं होऊ दे."

गाणं स्वच्छ उतरलं. म्हातारा मात्र पुन्हा सुरू झाला नाही. मृण्मयीने त्याला उघडलं, जळका वास घेतला आणि भंगारात दिलं.

पुढच्या खंडेनवमीला तिने डब्यावर झेंडूचं फूल ठेवलं. ती गेल्यावर डबा हळूच म्हणाला, "अरे, माझ्या आत काहीतरी तापतंय. बघतोस का जरा?"

स्क्रूड्रायव्हर त्याच्याभोवती फिरला. मग पुन्हा फिरला. कुठेच स्क्रू नव्हता, आणि वरचं फूल एवढ्यात सुकायला लागलं होतं.