तिसऱ्या विद्यापीठातली वारुळं

"मग सगळ्यांत चांगलं कुठलं, भन्ते?"

टेकडीवरच्या विहारात तनुजा खिल्लारे भन्ते शीलरत्नांसमोर बसली होती. लहानपणी ती दर रविवारी इथं शिकायला यायची. आता कीटकशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी तीन विद्यापीठांनी तिला बोलावलं होतं, आणि हे सांगताना तिची मान जरा ताठच होती.

"तिन्ही बघून आलीस?"

"हो. दिल्लीचं मोठं नाव आहे. बंगळुरूचं पूर्ण शिष्यवृत्ती देतंय. तिसरं घाटाखाली, कोकणात... ते मी जवळजवळ सोडलंय."

"दिल्लीत काय विचारलंस?"

"काही नाही. तिथली मुलं फार चटपटीत. माझं हसं झालं असतं."

"बंगळुरूला?"

"त्यांनीच सगळं दाखवलं. विचारायची वेळच आली नाही."

"आणि घाटाखाली?"

"तिथल्या मॅडमना विचारलं, तुमच्या आवारातली वारुळं एकाच बाजूला का कललीत? तर म्हणाल्या, मला माहीत नाही."

तनुजानं नाक मुरडलं.

"शिकवणाऱ्यालाच माहीत नसेल, तर तिथं जाऊन काय करायचं?"

"मग पुढं काय झालं?"

"मग त्या म्हणाल्या, चल, बघू या. दोघी-तिघी मुलीही आल्या. कुणी माझे मार्क विचारले नाहीत. एकीनं डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मॅडमचं म्हणणं, उन्हामुळं. मी म्हटलं, वाऱ्यामुळं. पण वारा असेल तर..."

तनुजा पुढं सरकली. तिनं फरशीवर बोटानं उतार काढला, वारूळ काढलं. सकाळचं ऊन कुठून येतं, ओली माती आधी कुठल्या बाजूनं वाळते, पावसाळ्यात वाळवी काय करत असेल... ती बोलत राहिली. समोरचा चहा निवून गेला.

एकाएकी ती थांबली.

"पण तिथं शिष्यवृत्ती अर्धीच आहे, भन्ते."

"मग कसं करशील?"

"शिकवण्या घेईन."

आपण काय बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं.

भन्ते चीवर सावरत उठले. दाराशी जाऊन वाकले आणि तिच्या चपला त्यांनी सरळ करून ठेवल्या.

"भन्ते, हे काय करताय..."

"विहाराच्या मागं एक वारूळ आहे. ते कुठं कलतंय, मी इतक्या वर्षांत बघितलंच नाही."