चिमीची सोयरीक

चिपळूणच्या भास्करराव पोंक्ष्यांना कुत्र्यांच्या जातींची सरमिसळ करून फॅशनेबल पिल्लं विकायचा भारी नाद. निळे डोळे हमखास उतरावेत म्हणून त्यांनी घरच्या चिमी कुत्रीची जोडी तिच्याच सख्ख्या भावाशी लावायचं ठरवलं. तिची आधीची पिल्लं धाप लागून मेली होती, आणि तीही पार सुकली होती.

नवी सून मृण्मयी दारात आडवी उभी राहिली.

"सूनबाई, यातलं तुला काय कळतं? हो बाजूला!" पाहुण्यांदेखत भास्करराव गरजले.

"मामंजी, माझं स्थळ आलं तेव्हा तुम्ही आधी काय विचारलंत?"

"गोत्र! सगोत्र सोयरीक आपल्या घरात चालत नाही!"

"मग चिमी कुणाच्या घरातली?"

पाहुण्यांनी चहाच्या कपाआड हसू लपवलं. मृण्मयीने सासऱ्यांच्या हातातून चिमीचा पट्टा अलगद सोडवून घेतला.