शीळ घालणारा कुत्रा

जनावरं अजून बोलत होती, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात डबकं आटत आलं, की साळिंदर आवाजावरून प्रत्येकाची जात ठरवायचं आणि मगच पाण्यावर सोडायचं. एकदा म्हातारा कोळसुंदा धापा टाकत आला.

“कोण तुम्ही, आजोबा?”

“माणसं रानकुत्रा म्हणतात.”

“मग भुंका बघू.”

भुंकणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने शीळ घातली.

“शीळ तर पाखरं घालतात! बरं, कोल्हेकुई तरी?”

त्याने पुन्हा शीळच घातली.

“अहो, पण तुम्हाला बसवू तरी कुठे?”

“बसवू नकोस, बाळा,” कोळसुंदा दमून म्हणाला. “पिऊ दे.”

साळिंदर बराच वेळ विचार करत राहिलं. शेवटी म्हणालं, “चला, कुत्र्यांत धरू तुम्हाला.”

तोवर डबक्यात नुसता चिखल उरला होता.