ठमाबाईचे मोडलेले मनगट

भक्तजनहो, त्या काळी अचलगिरी महाराजांचा मुक्काम पिंपळकोंड गावी नदीकाठच्या धर्मशाळेत होता. गावची सुईण ठमाबाई नित्यनेमाने त्यांच्या सेवेला येई. एके सकाळी घाटाच्या पायरीवरून तिचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले.

गावात धुंडिराजबुवा वैद्य होते. हाड बसवण्यात वाकबगार, पण जिभेने फार तिखट. त्यांनी ठमाबाईचे हाड ओढून बसवले, लेप लावला, बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि ते म्हणाले, "काय गं ठमे, पडताना तुझ्या महाराजांनी झेललं नाही वाटतं? आता दीड महिना हात हलवायचा नाही. बघू, तुझे महाराज काय करतात!"

ओसरीवरची माणसे हसली. ठमाबाई वेदनेने घामाघूम झाली होती.

आठवडाही उलटला नव्हता. वैद्यबुवांची लेक कावेरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला कळा सुरू झाल्या, पण मूल आडवे! दुसरी सुईण पार डोंगरापलीकडच्या गावात. दुपारपर्यंत पोरीचा आवाजही निघेना. बुवा अनवाणी धर्मशाळेत धावले. ठमाबाई तिथेच महाराजांपाशी बसली होती.

"ठमाबाई, चल गं! माझी कावेरी जाते!"

"कशी येऊ, बुवा? बोटसुद्धा हलत नाही," म्हणत ठमाबाई रडू लागली.

महाराज उठले आणि तिच्या हाताच्या कामट्या सोडू लागले.

"अहो, काय करता हे?" बुवा ओरडले. "हाड कच्चं आहे. हात कायमचा जाईल!"

महाराज म्हणाले, "बाई, मूठ मिट."

ठमाबाईने मूठ मिटली. मिटली! ती स्वतःच्या हाताकडे बघतच राहिली.

"जा आता," महाराज म्हणाले.

बुवांच्या घरी बाळंतिणीच्या खोलीचे दार लागले. आतून एक किंकाळी आली, मग काहीच नाही. बुवांनी भिंत धरली. आणि तान्ह्याचा टाहो फुटला! ठमाबाई बाहेर आली. "नात झाली, बुवा. दोघी सुखरूप आहेत."

बुवांनी तिचे मनगट धरून चाचपले. सूज नाही, कळ नाही. ते तसेच धर्मशाळेकडे निघाले. मागोमाग ठमाबाईही.

महाराज खांबाला टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक. उजवे मनगट सुजून काळेनिळे पडले होते. बुवांनी हात लावला, तर बोटांखाली हाड करकरले. तेच हाड, तीच जागा!

"महाराज, हे... हे तर हिचं..." बुवा पुटपुटले.

"देवा, काय केलंत हे!" ठमाबाईने हंबरडा फोडला. "माझं दुखणं मला परत द्या!"

महाराज म्हणाले, "हाड सांधायला लागतो तेवढा वेळ लागणारच, बाई. तुला सवड नव्हती, मला आहे. बुवा, बांधा."

हजारो हाडे बसवलेल्या त्या हातांनी महाराजांचे हाड बसवले, कामट्या बांधल्या. शेवटची गाठ मारून बुवांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले आणि ते लहान मुलासारखे रडले. मग उठून ते ठमाबाईपुढेही वाकले. ती बिचारी संकोचून मागे सरली, बुवा मात्र हात जोडून तसेच वाकून उभे राहिले.